फॉक्सपी३ प्रतिपिंड वापरण्यापूर्वीची तयारी

नियामक टी पेशी (रोगप्रतिकारक प्रतिसाद आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओळखण्यासाठी ज्या फॉक्सपी३ प्रथिनाचा शोध घ्यायचा, ते जनुकांच्या लेखनाचे नियंत्रण करणारे असल्याने पेशीच्या पृष्ठभागावर नव्हे, तर केंद्रकात असते. फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे रंगीत प्रतिपिंडे लावलेल्या पेशी एकेक करून लेझरखाली मोजण्याची, निम्मी तयारी त्यामुळेच वाढते.

मागणी नोंदवण्याआधी क्लोन, म्हणजे प्रतिपिंडाचा नेमका वाण, ठरवावा. उंदराच्या पेशींसाठी एफजेके-१६एस आणि मानवी पेशींसाठी २५९डी किंवा पीसीएच१०१ हे क्लोन रुळलेले आहेत. मानवी पेशींत दुसरा एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) गाळून तयार झालेले फॉक्सपी३ही असते आणि नेमक्या त्याच भागाला चिकटणाऱ्या क्लोनला ते दिसत नाही, म्हणून माहितीपत्रकातील एपिटोपची (प्रतिपिंड प्रथिनाच्या ज्या भागाला चिकटते त्याची) नोंद आधीच वाचून घ्यावी. संकेत मंद असल्याने पीईसारखा (फायकोएरिथ्रिन) तेजस्वी रंग फॉक्सपी३साठी राखून ठेवावा. सीडी४ हे टी पेशींच्या पृष्ठभागावरील खुणेचे प्रथिन फिक्या रंगातही ठळक दिसते. आलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला अंधारात ठेवावी, गोठवू नये, आणि तिचा लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक वहीत उतरवावा.

सर्वाधिक लक्ष बफरकडे द्यावे. सायटोकाइनसाठी (पेशींनी स्रवलेली संदेशवाहक प्रथिने) प्रयोगशाळेत असलेला संच पेशीचे आवरण सच्छिद्र करतो, पण केंद्रकापर्यंत वाट करून देईलच असे नाही, त्यामुळे फॉक्सपी३साठीचा स्वतंत्र संच हाताशी असावा. स्थिरीकरणाचे, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत पक्क्या करण्याचे, द्रावण प्रयोगाच्याच दिवशी तयार करावे. सॅपोनिनने (आवरण सच्छिद्र करणारा बफरमधला घटक) पाडलेली छिद्रे ते धुऊन गेल्यावर पुन्हा मिटतात, म्हणून प्रतिपिंड घालताना आणि त्यानंतर धुतानाही तोच सॅपोनिनचा बफर लागतो. तो मोजून, थोडा जास्तच करावा. मृत पेशी ओळखण्याचा रंग स्थिरीकरण सोसणारा असावा आणि तो स्थिरीकरणाआधी, प्रथिनविरहित पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त मिठाचे द्रावण) द्यावा, नाहीतर तो बफरमधल्या प्रथिनांवरच खर्च होतो. सीडी४, सीडी२५ आणि सीडी१२७ या पृष्ठभागावरील खुणांचे रंगही शक्यतो त्याच सुमारास देऊन घ्यावेत. स्थिरीकरणानंतर पेशी नेहमीच्या वेगाला नीट खाली बसत नाहीत आणि तळाचा थर जेमतेम दिसतो, तेव्हा सेंट्रिफ्यूजचा वेग वाढवण्याची सूचना पद्धतीच्या कागदावरच लिहून ठेवावी. नळी उपडी करून झटकण्याची सवय इथे महागात पडते.

फॉक्सपी३ असलेल्या आणि नसलेल्या पेशींमध्ये स्वच्छ दरी क्वचितच मिळते, म्हणून सीमारेषा कशाच्या आधारे आखणार हे नमुना येण्याआधी ठरलेले असावे. त्यासाठी फॉक्सपी३ वगळून बाकीचे सर्व रंग दिलेली एक नळी लागतेच. शिवाय त्याच नमुन्यातील सीडी४ नसलेल्या पेशी फुकटचे नियंत्रण म्हणून वापरता येतात. आयसोटाइप नियंत्रणावर (त्याच प्रकारचे, पण फॉक्सपी३ला न ओळखणारे प्रतिपिंड) आमचा फारसा भरवसा नाही. मानवी साध्या टी पेशीही उद्दीपित झाल्यावर तात्पुरते फॉक्सपी३ दाखवतात, त्यामुळे सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी ही जोडखूण पॅनेलमधून (एकत्र वापरायच्या प्रतिपिंडांच्या संचातून) गाळू नये. नवा लॉट असल्यास प्रतिपिंडाचे योग्य प्रमाण मौल्यवान नमुन्यावर नव्हे, तर निरोगी दात्याच्या रक्तपेशींवर, पातळ करत नेलेल्या चार-पाच मात्रांनी आधीच ठरवून घ्यावे.