बजेटच्या संध्याकाळी व्यवहार नको: या चुका टाळा

अर्थमंत्र्यांचं भाषण संपतं आणि तासाभरात ‘फ्लॅट विका’, ‘फंड काढा’ असे सल्ले फिरू लागतात. तोवर हातात असतो तो फक्त प्रस्ताव. तो वित्त विधेयकात कलम म्हणून येतो आणि लोकसभा त्यावर मतदान करते. धन विधेयक असल्याने राज्यसभेला 14 दिवसांत शिफारशींपलीकडे काही करता येत नाही. राष्ट्रपतींची संमती मिळाली की वित्त अधिनियम होतो. मधल्या आठवड्यांत कलमं बदलतात, आणि पैसे तिथेच बुडतात.

विधेयकालाच कायदा समजणं

23 जुलै 2024 च्या बजेटमध्ये घराच्या विक्रीवरच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर 20 वरून 12.5 टक्के झाला, पण इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय) गेलं. त्यावर बरीच ओरड झाली. ऑगस्टमध्ये लोकसभेत दुरुस्ती आली: 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल, तर निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना दोन्ही हिशेबांपैकी कमी येईल तोच कर.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. 2010-11 मध्ये 30 लाखांना घेतलेला फ्लॅट सप्टेंबर 2024 मध्ये 70 लाखांना विकला. इंडेक्सेशनशिवाय नफा 40 लाख, कर 5 लाख. इंडेक्सेशन लावलं तर 30 लाख गुणिले 363 (2024-25 चा महागाई निर्देशांक) भागिले 167 (2010-11 चा), म्हणजे खरेदी किंमत सुमारे 65.21 लाख, नफा 4.79 लाख, कर सुमारे 96 हजार (सेस, म्हणजे करावरचा उपकर, वेगळा). जुलैतल्या मजकुरावर हिशेब करून थांबलेल्या सल्लागाराने अशिलाचा हिशेब चार लाखांनी चुकवला. विक्री त्याच वर्षातली असेल तर अधिनियमाच्या अंतिम मजकुरावरून हिशेब पुन्हा मांडाच.

उलटंही घडतं. 24 मार्च 2023 ला लोकसभेतल्या दुरुस्तीतून डेट फंडांना (मुख्यतः कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे म्युच्युअल फंड) दीर्घकालीन नफा म्हणून मिळणारा करलाभ काढला गेला; 1 फेब्रुवारीच्या विधेयकात तो मुद्दाच नव्हता. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या युनिट्सना हा बदल लागू झाला. फक्त भाषण ऐकलेल्यांच्या हातात जेमतेम आठवडा उरला. म्हणून लोकसभेने मंजूर केलेली प्रत मूळ विधेयकाशी ताडून पाहणं हे सल्लागाराचं कामच आहे.

तारीख न वाचणं

12 लाखांपर्यंत करमाफीची घोषणा 1 फेब्रुवारी 2025 ची, पण ती लागू आर्थिक वर्ष 2025-26 ला. 2025 मध्ये भरलेलं रिटर्न 2024-25 चं होतं. त्याला नवीन करपद्धतीतली मर्यादा 7 लाखांचीच. सीमाशुल्काचं गणित वेगळं: जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं शुल्क 15 वरून 6 टक्के झालं ते दुसऱ्याच दिवसापासून. विधेयकासोबतच्या मेमोरँडममध्ये (तरतुदी समजावून सांगणाऱ्या टिपणात) प्रत्येक मुद्द्याखाली लागू होण्याची तारीख छापलेली असते. आधी तीच वाचा.

‘12 लाखांपर्यंत कर शून्य’ सरसकट मानणं

नवीन पद्धतीत 8 लाख पेन्शन (प्रमाणित वजावटीनंतर) आणि 2 लाख शेअर्सचा अल्पकालीन नफा असं धरा. एकूण 10 लाख, तरी त्या 2 लाखांवर 20 टक्के, सेससह 41,600 रुपये भरावेच लागतात. अशा वेगळ्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ही सवलत मिळत नाही.

अधिसूचनेआधी पोस्टात धावणं

काही घोषणा विधेयकात नसतातच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 15 वरून 30 लाख करण्याची घोषणा फेब्रुवारी 2023 ची, पण वाढीव रक्कम ठेवता आली ती 1 एप्रिल 2023 पासून. दरम्यान त्यासाठी दुसरी ठेव मोडायची असेल तर आधी अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागा. मुदतपूर्व मोडीचा दंड परत मिळत नाही.