लावणीला शिट्टी: कशी मारायची, कुठे नाही मारायची

तमाशाच्या तंबूत शिट्टी म्हणजे रोकडी दाद. पण बेसूर आणि अवेळी पडलेली शिट्टी दाद नसते, ती नुसता गोंगाट.

आधी हात स्वच्छ धुवा आणि ओठ ओले करा. एका हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करा. दोन्ही ओठ दातांवरून आत दुमडा, दात अजिबात दिसता कामा नयेत. आता जुळवलेल्या बोटांनी जिभेचं टोक मागे ढकला, म्हणजे पुढची जीभ उलटी दुमडली जाते. बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत ठेवा. ओठ भोवती घट्ट मिटा आणि फुंकर खालच्या ओठाकडे, तिरकी सोडा. सुरुवातीला हळूच फुंका. आवाजाचा सांधा सापडला की मगच जोर लावा.

नुसतं फुस्स होत असेल तर हवा ओठांच्या कोपऱ्यांतून गळतेय, नाहीतर जीभ पुरेशी मागे गेलेली नाही. सूर लागतो पण फाटतो? ओठ सुकलेत. सरावात डोकं गरगरतं, कारण आपण भसाभसा श्वास सोडत असतो. बसून सराव करा, पाच-सहा फुंकरींनंतर थांबा.

वेळ साधणं हे खरं कसब. सुरुवातीच्या गणाला शिट्टी नको, ते गणपतीला वंदन आहे. गवळणीत, म्हणजे कृष्ण आणि गवळणींच्या खेळात, मावशी हे विनोदी पात्र आलं की चालते. रंगबाजीत, म्हणजे लावण्यांच्या भागात, लावणीचा मुखडा संपतो, ढोलकीवाला तुकडा घेतो, नाचणारी गिरकी घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबते, शिट्टी तिथे. शब्द चालू असताना मारलीत तर ओळीतली मेख तुमच्यासकट सगळ्यांचीच हुकते. बसून अदा करत गायल्या जाणाऱ्या बैठकीच्या लावणीत मात्र बोटं खिशातच ठेवा. तिथे सगळा खेळ डोळ्यांचा आणि बोलांचा, एक ‘वाहवा’ पुरते.

तंबूबाहेर, रस्त्यावर बाईमाणसाकडे बघून मारलेली तीच शिट्टी छेडछाड ठरते. तिथे ना तिकीट काढून बसलेला प्रेक्षक असतो, ना दाद मागणारी कलावंत. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी काढलेला आवाज भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. कुणी पाठलाग करत शिट्ट्या मारत असेल तर उत्तर देत बसू नका, गर्दीच्या दुकानात शिरा आणि 112 लावा.