खेळांचा एकत्रित पॅक घ्यायचा का? आधी वेळापत्रक घेऊन बसा

नवा हंगाम तोंडावर आला की घरातून आणि मित्रमंडळींकडून मला हाच प्रश्न येतो: "सगळे खेळ एकाच पॅकमध्ये मिळतायत, घेऊन टाकू का?" मी प्रत्येकाला एकच सांगते, चॅनेल मोजू नका, सामने मोजा. जाहिरातीत चॅनेलचे लोगो ओळीने मांडलेले असतात. ते बघून कुणालाही वाटतं की आता काही सुटायचं नाही. पण तुम्हाला हवा असलेला सामना त्यातल्या कुणाकडे आहे, किंवा मुळात कुणाकडे आहे का, हे लोगोवरून कळत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि वर्षभराचं वेळापत्रक घेऊन बसा. कागदाच्या डाव्या बाजूला स्पर्धांची नावं लिहा. नुसतं 'क्रिकेट' किंवा 'टेनिस' लिहून भागणार नाही, कारण हक्क खेळाचे विकले जात नाहीत, स्पर्धेचे विकले जातात. क्रिकेटमध्ये दोन देशांच्या मालिकेचे हक्क यजमान मंडळ विकतं. म्हणजे तुमचा संघ घरी खेळतो तेव्हा एक विक्रेता, दौऱ्यावर गेला की दुसरा, विश्वचषकाला आयसीसी आणि फ्रँचायझी लीगला आणखी कुणी. टेनिसच्या चार ग्रँड स्लॅम स्पर्धा तर चार वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत आणि प्रत्येक संस्था आपले हक्क स्वतंत्रपणे विकते. विम्बल्डन एका सेवेवर दिसलं म्हणून फ्रेंच ओपनही तिथेच दिसेल, असं धरून चालू नका.

प्रत्येक स्पर्धेसमोर तीन गोष्टी लिहा: तुमच्या देशात हक्क कुणाकडे आहेत, ते कोणत्या वर्षापर्यंत आहेत, आणि टीव्हीचे व इंटरनेटचे हक्क एकाकडेच आहेत की वेगवेगळ्यांकडे. तिसरा मुद्दा बरेच जण सोडून देतात. 2022 मध्ये आयपीएलच्या 2023 ते 2027 या काळाच्या हक्कांचा लिलाव झाला, तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क स्टारने घेतले आणि डिजिटलचे व्हायाकॉम18ने. सामना तोच, पण टीव्हीवर एक मालक आणि फोनवर दुसरा. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये या दोन कंपन्यांचे व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दोघांची ॲप मिळून जिओहॉटस्टार झालं. पाच वर्षांचा करार निम्म्यावर यायच्या आत मांडणी पार बदलून गेली. म्हणूनच हक्कांची मुदत लिहून ठेवा आणि ती संपण्याच्या पलीकडे जाणारं वार्षिक सबस्क्रिप्शन घेऊ नका. ब्रिटनमध्ये 2009 च्या जूनमध्ये सेटांटा या क्रीडा वाहिनीला प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हप्ता भरता आला नाही, हक्क गेले आणि ते इएसपीएनने उचलले. सेवा कितीही भक्कम दिसली तरी तिच्याकडचे सामने भाड्याने घेतलेले असतात.

आता उजव्या बाजूला आकडे लिहा. प्रीमियर लीगमध्ये 380 सामने होतात, त्यातले तुमच्या क्लबचे 38. आयपीएलच्या 2025 च्या दहा संघांच्या हंगामात 74 सामने होते, एका संघाचे साखळीतले 14. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये 2024-25 पासून पहिल्या टप्प्यात प्रत्येक क्लबला 8 सामने मिळतात. फॉर्म्युला वनच्या 2025 च्या हंगामात 24 शर्यती होत्या. या आकड्यांवरही थांबू नका. तुमच्या वेळेनुसार मध्यरात्री किंवा कामाच्या वेळात येणारे सामने वेगळे काढा आणि त्यातले किती खरोखर थेट बघाल ते मनाशी ठरवा. ज्या सामन्यांचे हायलाइट्स बघून तुमचं समाधान होतं, ते या हिशेबात धरू नका. बऱ्याच लीग स्वतःच ते मोफत टाकतात. शिवाय काही मोठ्या स्पर्धा कायद्याने मोफत वाहिनीवर दाखवाव्याच लागतात. ब्रिटनमध्ये ऑलिंपिक, फुटबॉल विश्वचषक, विम्बल्डनच्या अंतिम लढती अशा स्पर्धांची यादीच आहे, आणि भारतात 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. मोफत मिळतंय त्यावर आधी खूण करा.

आता पैशांचं बघू. सोयीसाठी समजा अ, ब आणि क या तीन सेवा आहेत, प्रत्येकीचे महिन्याला शंभर, आणि तिन्हींचा एकत्रित पॅक दोनशेवीसला. जाहिरात म्हणेल, महिन्याला ऐंशी वाचले. पण हे ऐंशी फक्त त्याचेच वाचतात, ज्याने तिन्ही सेवा एरवीही बाराही महिने घेतल्या असत्या. तुम्हाला दोनच लागणार असतील तर पॅक वीसने महागच पडला. त्यात खेळांना हंगाम असतात. अ वर्षभर, ब फुटबॉलपुरती नऊ महिने आणि क टेनिसपुरती चार महिने लागते असं धरा. सुटं घेतलं तर 1200 अधिक 900 अधिक 400, म्हणजे 2500. पॅक वर्षभर ठेवला तर 2640. आता ब दहा महिने आणि क सहा महिने केली की सुटं 2800 वर जातं आणि पॅक जिंकतो. इतक्या बारीक फरकावर निर्णय फिरतो. अंदाजाने ठरवू नका, तुमचे महिने आणि तुमचे दर घालून बेरीज करा.

आमच्या घरी हा हिशेब दोन वेगळ्या बाजूंनी सुटतो. मी टेनिसची. मोठ्या स्पर्धा जानेवारी, मे-जून, जून-जुलै आणि ऑगस्ट-सप्टेंबर अशा ठरलेल्या काळात येतात, त्यामुळे मला महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन बंद करणंच परवडतं. माझ्या ताईकडे मात्र भाचा फॉर्म्युला वनचा, भावजी फुटबॉलचे आणि तिला कसोटी क्रिकेटचं वेड. त्यांचे हंगाम एकमेकांत गुंतलेले आहेत आणि टीव्ही रिकामा असा महिना येतच नाही. तिला मीच सांगितलं, एकत्रित पॅक घे. एका घरात तीन खेळांचे खरे चाहते असतील तर तो घेण्यासारखा असतो. एका क्लबच्या किंवा एका खेळाडूच्या चाहत्याला सहसा परवडत नाही.

पॅकमध्ये काय नाही हेही शोधा. अमेरिकेत डिस्ने, फॉक्स आणि वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये 'वेनू' नावाच्या एकत्रित क्रीडा सेवेची घोषणा केली. महिन्याला 42.99 डॉलर असा दरही जाहीर झाला. पण त्यात सीबीएस आणि एनबीसी ही दोन वाहिनी-जाळी नव्हती, आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे कितीतरी सामने याच दोघांकडे आहेत. म्हणजे खेळांसाठी काढलेला पॅक घेऊनही अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्याला वेगळी सोय करावीच लागली असती. फुबो ही प्रतिस्पर्धी सेवा न्यायालयात गेली, ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने वेनूला तात्पुरती मनाई केली आणि जानेवारी 2025 मध्ये सुरू होण्याआधीच ती गुंडाळली गेली. तुमच्यासमोरच्या पॅकलाही हाच प्रश्न विचारा: माझ्या संघाचा सगळ्यांत महत्त्वाचा सामना याच्या बाहेर तर नाही ना? जानेवारी 2024 मध्ये कॅन्सस सिटी आणि मायामी यांच्यातला एनएफएलच्या प्लेऑफचा सामना, त्या दोन शहरांचे भाग सोडले तर, अमेरिकेत फक्त पीकॉक या सशुल्क सेवेवर दाखवला गेला. बाद फेरीचे सामने साखळीपेक्षा वेगळे विकले जाऊ शकतात, म्हणून त्यांची ओळ वेगळी लिहा.

आणि काही सामने कितीही पैसे मोजले तरी मिळत नाहीत. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे प्रीमियर लीगचे सामने थेट दाखवतच नाहीत, लोकांनी मैदानावर यावं म्हणून हा जुना नियम आहे. तोच सामना इतर देशांत आरामात दिसतो. अमेरिकेत बेसबॉलच्या लीगची सेवा घेतली तरी स्थानिक संघाचे सामने तिच्यात बंद असू शकतात. ज्या संघासाठी पैसे भरले, नेमका तोच दिसत नाही. अटींमध्ये 'ब्लॅकआउट' हा शब्द शोधा आणि तेवढा भाग तरी पूर्ण वाचा.

तांत्रिक बाजूचं मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं, कारण ते पैसे भरल्यावरच कळतं. स्ट्रीमिंगचं चित्र उशिरा येतं. व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवले जातात. ॲपलच्या एचएलएस पद्धतीत एक तुकडा साधारण सहा सेकंदांचा ठेवायला सांगतात, आणि प्लेअर सहसा तीनेक तुकडे साठल्यावर सुरू होतो. तिथेच अठरा सेकंद गेले, त्यात एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र पाठवण्याजोगं करण्याचा, आणि वाटेतला वेळ वेगळा. पेनल्टी शूटआउट चालू असतं, खेळाडू चेंडू ठेवून चार पावलं मागे येतो, आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून ओरडा ऐकू येतो किंवा फोनवर 'गोल!!' येऊन पडतो. ज्याला हे सहन होत नाही त्याने सामन्यापुरत्या फोनच्या सूचना बंद ठेवाव्यात, किंवा तोच सामना केबलवर वा डिशवर मिळत असेल तर तिथे बघावा.

चित्राचा वेगही बघा. सेकंदाला 50 किंवा 60 फ्रेम असतील तर चेंडू सलग जाताना दिसतो, 25 किंवा 30 वर तो अडखळत जातो. बातम्यांना चालेल, टेनिसला नाही. फुकट चाचणी मिळाली तर मालिका-सिनेमे बघत ती घालवू नका, गर्दीचा थेट सामना लावून बघा. डेटाही मोजा: 5 एमबीपीएसचं एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं, म्हणजे कसोटीचा एक दिवस मध्यंतरांसह साधारण सोळा जीबी. मोबाइल डेटावर बघणाऱ्याने हा खर्च पॅकच्या किमतीत मिळवावा. एका वेळी किती स्क्रीन चालतात हे तर विचाराच. ताईच्या घरी शर्यत आणि सामना एकाच वेळी असतात, तिथे एका स्क्रीनचा पॅक काय कामाचा? प्रवास करत असाल तर परदेशात सेवा चालते का तेही बघा. युरोपीय संघात 2018 पासून सशुल्क सेवा तात्पुरत्या प्रवासातही चालू ठेवावी लागते, इतरत्र तसं गृहीत धरू नका.

सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी बंद करायची वाट शोधून ठेवा. एका सेवेने ती ॲपमध्ये दिलीच नव्हती, वेबसाइटवर खात्याच्या आत चार पानं जावं लागत होतं. मासिक म्हणून ठळक दिलेला दर वर्षभर बांधून घेतल्यावरचा तर नाही ना, हेही वाचा. आपोआप नूतनीकरणाच्या तारखेच्या तीन दिवस आधीची आठवण फोनवर लावा. आणि हंगामपूर्व सवलतीच्या घाईत पडू नका. तुमच्या संघाचा पहिला सामना ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या संध्याकाळी पैसे भरा, लगेच लॉग-इन करून चालू असलेलं कुठलंही थेट प्रक्षेपण टीव्हीवर पाच मिनिटं लावून बघा.