एक स्टार पडला तर आधी तीच ढाक मारून बघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत आम्ही तिघं कुस्तीचा मोबाईल गेम बनवतो. पहिल्याच आठवड्यात एकानं एक स्टार देऊन लिहिलं, ‘ढाक मारली की पैलवान कमरेपर्यंत मातीत रुततो.’ ढाक म्हणजे कुस्तीतला एक डाव.

अशा वेळी लगेच उत्तर द्यायचं नाही. त्याच मॉडेलचा फोन मिळवा, तीच ढाक मारून बघा. आमच्याकडं खरंच रुतला. मग लिहा: काय बिघडलंय, कुठल्या अपडेटमध्ये नीट होणार. प्ले स्टोअरवर उत्तराला ३५० अक्षरंच मिळतात, ती ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ म्हणण्यात घालवू नका. दुरुस्ती झाली की तेच उत्तर बदलून कळवा. आमच्या त्या भावानं स्टार वाढवले.

शिवी असली तर ती सोडा, आतली तक्रार उचला.

आणि जे बनलं नाही ते बोलूच नका. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. लोक खवळले. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्स कंपनीनं बोलणं जवळपास थांबवलं, नोव्हेंबरात मोठं अपडेट दिलं, पुढं वर्षानुवर्षं फुकट देत राहिले. त्या मेहनतीला माझा मुजरा. पण तेवढी शांतता आपल्यासारख्या छोट्यांना परवडत नाही. काम अर्धवट असलं तरी आठवड्याला दोन ओळी टाका.