कडेवर एक, पोटात एक : दुसरं बाळ यायच्या आधी दोन-अडीच वर्षांच्या मोठ्याला कसं सांभाळायचं

मार्चमधली गोष्ट. शेजारच्या काकू आल्या, आमच्या पोट्टीचा गाल ओढला आणि म्हणाल्या, "काहून गं, आता तर तुझे लाड बंद होणार, नवीन बाळ येऊन राहिलं ना!" पोट्टी तेव्हा दोन वर्षं तीन महिन्यांची. (तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण सासूबाईंच्या पोटात दोन आठवडेसुद्धा राहिलं नाही.) काकूंच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आपल्याकडे सगळे असेच बोलतात, पण त्या रात्री पोट्टी माझ्या गाऊनची बाही मुठीत धरून झोपली आणि बाही सोडवायला गेलं की रडत उठायची. दुसऱ्या दिवशी मी घरात फतवा काढला की 'बाळामुळे' हा शब्द या घरात कोणी बोलायचा नाही. बाळामुळे उचलत नाही, बाळामुळे हळू बोल, बाळासाठी जागा कर, काहीच नाही. जे बाळ अजून आलंच नाही त्याच्या नावावर आपण इतकं काही काढून घेतो की ते यायच्या आधीच दुश्मन होऊन बसतं. खाली जे लिहून राहिले ते सगळं या एका नियमाभोवतीच आहे.

स्टेप १ : सांगायचं, पण महिन्यांत नाही

पहिले तीन महिने मोठ्याला नाही सांगितलं तरी चालतं. एकतर ते लेकरू पूर्ण कॉलनीत सांगेल, आणि गर्भपात व्हायची शक्यता याच काळात जास्त असते, मग "बाळ कुठं गेलं" याचं उत्तर द्यायची ताकद आपल्यात नसते. फक्त उलट्यांचं काहीतरी सांगा, कारण लेकरं बाथरूमच्या दाराशी उभी राहून सगळं पाहतात. आईचं पोट बिघडलं, डॉक्टर बरं करतील, एवढं पुरे.

पोट दिसायला लागलं की सांगायचं, साधारण पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी बाळाची हालचालही जरा लवकर कळते, त्यामुळे हात लावून दाखवायला काहीतरी असतं. 'ऑक्टोबर' म्हटलं तर दोन वर्षांच्या पोराला घंटा कळत नाही. आम्ही माळ केली होती : आधी आंबे संपणार, मग कूलर बंद होणार, मग पाऊस, मग पोळा, मग गणपती, मग बाळ. ती रोज विचारायची, "आंबे संपले का?" आणि संपू नयेत म्हणून एक आंबा तिनं सोफ्याखाली लपवला होता तो मला वासावरून सापडला.

आणि "भाऊ येणार हं तुला" हे कोणालाच बोलू देऊ नका. गर्भलिंगनिदानावर 1994 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणजे कोणाला काही माहीत नसतंच, उगाच कशाला लेकराला वचन द्यायचं. 'बाळ' म्हणा, बस.

स्टेप २ : उचलायचं की नाही

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि सगळ्यांनी उत्तरही स्वतःच दिलं, "अजिबात उचलू नको". खरं म्हणजे प्रेग्नन्सी नॉर्मल असेल तर बहुतेक जणींना मोठ्याला अधूनमधून उचलायला डॉक्टर नाही म्हणत नाहीत. पण वार खाली असेल, ब्लीडिंग झालं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं स्वतःच्या मनानं काही करू नका, आपल्या डॉक्टरला सरळ विचारा की माझं पोर बारा किलोचं आहे, उचलू का.

उचलायचं तर कमरेतून वाकून नाही. गुडघे वाकवून खाली बसा, लेकराला छातीशी घट्ट घ्या आणि पायांच्या जोरावर उठा, उठता उठता कंबर वळवू नका. त्याहून सोपं म्हणजे त्यालाच सोफ्यावर चढू द्या आणि तिथून घ्या. सातव्या महिन्यानंतर मला हेही जमेना, तेव्हा मी खाली बसून मांडीवर घ्यायला लागले. कारण विचारलं तर "आईची कंबर दुखते", जे शंभर टक्के खरं होतं. बाळाचं नाव नाही. ती उलट माझ्या कमरेला तेल लावायला यायची, अर्धं तेल चादरीला.

ॲक्टिव्हावर पुढे उभं करून नेणं मात्र बंद करा. अर्धं नागपूर असंच फिरतं, मीही फिरले आहे, पण पोट, हँडल आणि मध्ये ते लेकरू, एक ब्रेक दाबला की काय होईल ते सांगायला नको.

स्टेप ३ : अंगावरचं दूध

मोठं अजून पीत असेल तर "पोटुशीचं दूध बाधतं" हे ऐकायला मिळेलच. बाधत नाही. प्रेग्नन्सीत काही अडचण नसेल आणि डॉक्टरनं थांबवलं नसेल तर पाजता येतं. फक्त साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध कमी होतं, चवही बदलते, आणि बरीच लेकरं तेव्हा आपणच सोडतात. आमचीनं "आई, खारट आहे" म्हणून सोडलं. जी सोडत नाहीत त्यांचं बंद करायचंच असेल तर आताच हळूहळू करा, एकेक वेळ कमी करत, डिलिव्हरीच्या तोंडावर कडुनिंब लावून नाही. पुढे दोघांनाही पाजायचं ठरवलं तर सुरुवातीचं चिकाचं दूध आधी तान्ह्याला.

स्टेप ४ : सगळे बदल आधी करा नाहीतर नंतर, मधे नाही

जागा बदलणं, पाळणा काढून घेणं, बाटली सोडवणं, प्लेग्रुप, चड्डीची सवय, यातलं जे काही करायचं ते डिलिव्हरीच्या दोन-तीन महिने आधी संपवा. जमलं नाही तर सोडून द्या, बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की बघू. आम्ही प्लेग्रुप जूनच्या शेवटी सुरू केला, आपल्या विदर्भात शाळा उशिराच उघडतात, म्हणजे पोटातल्याचं येणं आणि शाळेत जाणं यात तीन महिन्यांची फट राहिली. तेच ऑक्टोबरमध्ये घातलं असतं तर तिला वाटलं असतं, ते आलं म्हणून मला बाहेर काढलं.

चड्डीत आम्ही फसलो. नवव्या महिन्यात जोश आला, डायपर बंद, आणि बाळ घरी आल्यावर पोट्टी दिवसातून पाचदा हॉलमध्ये शू. हे नॉर्मल आहे, मोठी लेकरं बाळासारखी वागायला लागतात, बोबडं बोलतात, बाटली मागतात. ओरडून काही होत नाही, चुपचाप डायपर परत लावा, काही आठवड्यांनी आपोआप गाडी रुळावर येते.

स्टेप ५ : नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात 45 डिग्री, पोटात पाच महिन्यांचं आणि घरात दोन वर्षांचं, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. अकरा ते पाच बाहेर पडू नका. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडून राहिलं, हे दोघांनाही लागू, आणि प्रेग्नन्सीत युरिन इन्फेक्शन तसंही लवकर होतं, त्यामुळे ताक, लिंबूपाणी, पाणी चालूच ठेवा.

कूलरचं मात्र मनावर घ्या. सीझनच्या सुरुवातीला कूलर काढला की आधी इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि अर्थिंग चेक करून घ्या. लोखंडी बॉडी, आत पाणी, ओले हात आणि लेकराच्याच उंचीवर सगळं. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून नाही.

दुपारी दोघी कंटाळलो की माझा एक जुगाड होता तो सांगते, मेट्रो. संध्याकाळी ऊन उतरलं की सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. एसी आहे, लिफ्ट आहे, मी बसलेली, ती खिडकीला नाक लावून, मधे अंबाझरी तलाव दिसला की "पाणी! पाणी!" थोड्या पैशात तास-दीड तास निघतो आणि मला एक पाऊलही पळावं लागत नाही.

स्टेप ६ : दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही

लोहाच्या गोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलूप असेल तर कुलपात. आपल्यासाठी रोजची एक साधी गोळी, पण लेकरानं चॉकलेट समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा. पर्समध्येही गोळ्या ठेवू नका, पर्स उपसणं हा यांचा पूर्णवेळ धंदा आहे.

दुसरं, लेकराचं उष्टं. ताटातला उरलेला वरणभात आपल्याच पोटात जातो, माहीत आहे, फेकवत नाही. पण लहान लेकरांच्या लाळेत आणि लघवीत सीएमव्ही नावाचा व्हायरस असू शकतो, त्यांना काही होत नाही, पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो. तर या नऊ महिन्यांत उष्टं बाबाला द्या, आणि डायपर बदलला, नाक पुसलं की साबणानं हात धुवा.

कागदाचंही इथंच उरकून टाकते. मागच्या बाळंतपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली असतील आणि तीन वर्षांच्या आत परत दिवस गेले असतील तर आता एकच बूस्टर लागतो, म्हणून जुनं कार्ड शोधून ठेवा. नोकरी असेल तर दुसऱ्या बाळालाही 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत, अटीत बसत असाल तर, दुसरी मुलगी झाल्यावर 6000 रुपये मिळतात, अंगणवाडीत किंवा आशाताईला विचारा.

स्टेप ७ : झोपवायचं काम आईच्या हातून काढा

ही सगळ्यात मोठी स्टेप आणि सगळ्यात रडारड हिचीच. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी अशी आपली रीत, म्हणजे मोठं आपल्याच घरात राहणार हा फायदा आहे, पण रात्री आई नाही हे त्याला डिलिव्हरीच्या दिवशीच पहिल्यांदा कळलं तर त्याचा घोर आपल्यालाच तिकडं हॉस्पिटलमध्ये लागतो. आम्ही जुलैपासून सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मी खोलीत, पण गोष्ट बाबा सांगणार. दुसऱ्या आठवड्यात मी बाहेर. ती चाळीस मिनिटं रडली, नवरा तिसऱ्या वेळेस दार उघडून म्हणाला, "येऊन जा ना यार", मी नाही गेले, किचनमध्ये बसून मीही रडली. नवव्या-दहाव्या दिवशी बाबानं स्वतःचीच एक गोष्ट शोधली, एक संत्रं मेट्रोत बसतं अशी काहीतरी फालतू, आणि मग मला त्या खोलीत एंट्रीच राहिली नाही.

मग एक-दोन रात्री आजीजवळ. कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर कोण येणार, कोणाकडे घराची चावी, हे फ्रिजवर लिहून लावा, 108 नंबरही तिथंच.

स्टेप ८ : पोळा

आमचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी नंद्यांचा पोळा, आठव्या महिन्यात आला. पोट्टीचा लाकडी नंदी होता, एक चाक ढिलं, चालताना तिरका जायचा. त्याच दिवशी निघते त्या मारबतीच्या (ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीच्या गर्दीत मला जाणं शक्यच नव्हतं, घरीच बसून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणताना मी माझी ॲसिडिटीही तिच्यासोबत लावून दिली. सासरे इतवारीतून वीतभर उंचीचा अजून एक नंदी घेऊन आले, "बाळासाठी". मी डोळे मोठे केले, म्हटलं झालं आता. पण त्यांनी तो पोट्टीच्याच हातात दिला आणि म्हणाले, "याला चालवता येत नाही अजून, तू शिकवशील का?" तिनं दोन्ही नंद्यांना एकाच सुतळीनं बांधलं, दारोदार फिरली, बोजारा (नंदी दाखवला की मिळतो तो खाऊ) दोघांच्या नावानं मागितला आणि दोन्ही वाटे स्वतः खाल्ले. मोठ्याला काम द्या ते असं. "तू आता मोठी झाली, शहाण्यासारखं वाग" हे काम नाही, ती शिक्षा आहे.

स्टेप ९ : पहिली भेट आणि त्यानंतर

मोठं भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात ठेवा, हात मोकळे ठेवा. आधी मोठ्याला जवळ घ्या, बाळाकडे त्याचं तेच वळेल. सिझर झालं असेल तर पोटावर उशी ठेवून बाजूला बसवा, काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं.

घरी आल्यावर मोठ्याला ऐकू जाईल असं बाळाला थांबवायचं : "थांब रे बाळा, आधी ताईला पाणी देऊ दे." बाळाला काय कळतं, पण ताईला बरोबर कळतं. पाजायच्या वेळेचा एक डबा करा, तो फक्त तेव्हाच उघडायचा. आमच्या डब्यात जुन्या बांगड्या, कपड्याच्या चिमट्या आणि एक बंद पडलेला कॅल्क्युलेटर होता, सेल काढलेला, कारण ते बटणासारखे सेल गिळले तर फार वाईट. मणी, नाणी असलं काही नको. आणि दोघांना एकटं खोलीत सोडू नका, कितीही प्रेमाचं दिसत असलं तरी, आमचीनं तिसऱ्या दिवशी प्रेमानंच बाळाच्या तोंडात चिवडा घालायचा प्रयत्न केला.

पाहुणे बाळासाठी झबली-टोपडी घेऊन येतात आणि मोठ्याच्या अंगावरून पुढे जातात. त्यांना सांगून उपयोग नाही, मी सांगून पाहिलं. त्यापेक्षा खडू, स्टिकर, फुगे असं काहीबाही कागदात बांधून दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पाहुणा चप्पल काढत असतानाच त्याच्या हातात कोंबा. मी आठ पुड्या बांधल्या होत्या, पाचवीलाच सहा संपल्या.