रस्त्याचा पडदा रंगवताना

संगीत नाटकातला रस्ता फ्लेक्सवर छापून टांगला की दिव्यात चकाकतो आणि प्रवेशाची सगळी मजा जाते. तिथे रंगवलेला पडदाच हवा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी गायक-नट केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' या नाटक मंडळीसाठी असे पडदे रंगवले. बाबूरावांचा सिनेमा त्यानंतरचा. मांजरपाट (जाडं, कोरं सुती कापड), सरस (हाडा-कातड्यांपासून केलेला गोंद) आणि खडूवर हे काम आजही होतं.

24 × 14 फुटी पडद्याला 48 इंची पन्ह्याच्या मांजरपाटाचे 26 फुटी चार पट्टे लागतात, म्हणजे साधारण 32 मीटर कापड. शिवण आडवी घाला. उभ्या शिवणीपाशी चुण्या पडतात आणि त्या प्रेक्षकांना आधी दिसतात. चौकटीवर ठोकताना वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्हीकडे जा, पण कापड जरा सैल ठेवा. सरस बसला की ते आक्रसतं, मग कडा खिळ्यांपाशी फाटतात.

1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम सरस रात्रभर भिजवा. सकाळी ते भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळी फुटली तर चिकटपणा गेलाच. कोमट सरसाचा एक हात मारा, वाळल्यावर त्यातच खडूपूड कालवून दुसरा पातळ हात.

आधी काढलेल्या 24 × 14 इंची लहान चित्रावर 1 इंचाचे चौकोन आखा, कापडावर 1 फुटाचे, आणि कोळशाने रेखाटा. खरी गोम क्षितिजरेषेत आहे. ती रंगमंचाच्या फळीपासून 5 फुटांवर, म्हणजे उभ्या नटाच्या डोळ्यांच्या पातळीला घ्या. वर घेतली तर रंगवलेला रस्ता भिंतीसारखा उभा राहतो. रस्ता बरोबर जमला तरी नट पडद्याला खेटला की लांबच्या घराच्या माडीला त्याचं डोकं लागतं! शिवाय सावली पडते ती वेगळीच. त्याला 4 फूट पुढे ठेवा, हे दिग्दर्शकाला आधीच सांगून टाका.

पिवडी (पिवळी माती), गेरू, नीळ, काजळी, सफेता (पांढरा रंग) एवढ्यावर भागतं. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये मळून घ्या. रंगासाठी वरच्याच सरसात निम्मं पाणी वाढवा. ओला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा प्रत्येक छटा चिंधीवर लावून, वाळवून बघा. बोटाला भुकटी आली तर सरस कमी पडला. चिंधी दुमडल्यावर रंग तडकला तर जास्त झाला. तीच चिंधी प्रयोगाच्या दिव्यांखाली धरा: निळ्या प्रकाशात गेरूचं कौलारू छप्पर काळं पडतं.

घडी घालू नका, खालच्या बांबूवर गुंडाळा. पावसाळ्यात दमट पडदा गुंडाळलात तर सरसाला बुरशी धरते.