कल्याण ते सीएसएमटी, व्हाया ऑगस्टीन

दिवा स्टेशन मागे पडलं आणि कानात थॉमस अक्वायनस म्हणाला, ‘असं दिसतं की देव नाही.’

मी दचकलेच. तेराव्या शतकातला डॉमिनिकन संन्यासी, कॅथलिक धर्मशास्त्राचा खांब म्हणतात तो, आणि त्याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथात हे? पुढे त्यानं कारणही दिलं. दोन विरुद्ध गोष्टींतली एक अनंत असेल तर दुसरीला जागाच उरत नाही. देव म्हणजे अनंत चांगुलपणा. पण जगात वाईट तर धडधडीत दिसतं. सबब, देव नाही. ध्वनिपुस्तकाचा निवेदक दीडपट वेगानं, शांतपणे वाचत होता आणि मी इअरफोन काढून बाहेर बघत बसले.

‘काय झालं गं?’ चौथ्या सीटवरच्या काकूंनी विचारलं. या काकू ठाण्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवतात. रोजची गाडी, रोजचा डबा, त्यामुळे मी काय ऐकते हे त्यांना साधारण ठाऊक. मी सांगितलं. त्या पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या, ‘अगं, तो पूर्वपक्ष असणार. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मग खोडायचं. आमच्याकडं सगळी शास्त्रं अशीच लिहिलेली.’ आणि उतरल्या.

रात्री घरी मजकूर उघडून बघितला, तर अक्षरशः तसंच. सुम्मातला प्रत्येक मुद्दा त्याच साच्यात असतो: आधी आक्षेप, मग ‘याउलट’ म्हणून एखादं वचन, मग ‘मी उत्तर देतो’ असं म्हणून थॉमसचं स्वतःचं मत, आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब. ज्या मुद्द्याची सुरुवात ‘देव नाही’ अशी होते, त्यातच पुढे देवाच्या अस्तित्वाचे त्याचे प्रसिद्ध पाच मार्ग येतात. कागदावर हे डोळ्यांना लगेच कळतं, कारण क्रमांक असतात, परिच्छेद तुटलेले असतात. कानाला मात्र आक्षेप घेणारा आणि उत्तर देणारा एकाच आवाजात, एकाच पट्टीत ऐकू येतात.

तोवर माझ्या अभ्यासक्रमातला एक निबंध पोस्टानं जाऊनही आला होता. त्यात मी एका आक्षेपकाचं म्हणणं थॉमसच्या नावावर खपवलं होतं. तपासणाऱ्यांनी समासात लाल शाईनं एवढंच लिहिलं होतं: ‘हे कोण म्हणतं?’

माझं मूळ नगरचं, नोकरी मुंबईत, घर कल्याणला. तीन वर्षांपूर्वी घरबसल्या करायच्या एका धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत जातात, तेवढ्यात पुस्तकं ऐकून संपवू असा हिशोब होता. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं विचारतात, ‘ताई, नोकरी सांभाळून, नुसतं ऐकून हा अभ्यास होतो का?’ मी सांगते, अर्धा होतो. पण कुठला अर्धा, हे कळायला मला दोन वर्षं आणि ती लाल शाई लागली.

काही पुस्तकं मुळात कानासाठीच घडलेली असतात. ती ऐकावीत, निर्धास्त ऐकावीत. सर्वांत आधी बायबलच्या नव्या करारातली पौलाची पत्रं. ती त्यानं लेखनिकाला सांगून लिहून घेतली. रोमकरांस पत्राच्या शेवटी तो लेखनिक मध्येच स्वतःचाही सलाम टाकून जातो. कलस्सैच्या मंडळीला तर पौल बजावतो की तुमच्यात वाचून झालं की हे पत्र लावदिकीयातही वाचलं जाईल असं करा. म्हणजे एक जण उभा राहून वाचतोय आणि बाकीचे ऐकताहेत. आपण मात्र हीच पत्रं लहानपणापासून वचनावचनानं तोडून पाठ करत आलो. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे तर १५५१ साली रोबेर एतियेन या छापखानेवाल्यानं घातलेले. ऐकताना हे आकडे गळून पडतात.

एकदा कल्याणला बसल्या बसल्या रोमकरांस पत्र लावलं आणि मधे कुठं थांबवलं नाही. सोळा अध्याय साधारण तासाभरात होतात, सीएसएमटीच्या अलीकडेच संपलं. त्या तासात मला पहिल्यांदा ऐकू आलं की हा माणूस सतत कुणाशी तरी वाद घालतोय. ‘तर मग काय म्हणावं? कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं की काय?’ असं स्वतःच विचारतो आणि लगेच ‘छे, मुळीच नाही’ म्हणून झटकतो. हे पुन्हा पुन्हा येतं. पूर्वरंगात कीर्तनकार समोरच्यांच्या मनातली शंका आपणच काढतो ना, तसं. नगरकडच्या माणसाला ही उपमा सुचणारच. आमच्याकडं ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रेव्हरंड टिळकांच्याही आधीपासूनची आहे. आठव्या अध्यायातलं आवडतं वचन मला दहा वर्षांची असल्यापासून पाठ होतं, पण त्याच्या सुरुवातीचं ‘म्हणून’ कशाकशावर उभं आहे, ते त्या दिवशी कळलं.

नवख्यानं मात्र सुरुवात सी. एस. लुईसच्या ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’पासून केली तरी चालेल. पुस्तक १९५२ सालचं, पण ते बनलं १९४१ ते १९४४ या काळात, युद्ध चालू असताना बीबीसी रेडिओवर दिलेल्या भाषणांतून. बोलणारा ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवणारा, पाळकबिळक नव्हे. प्रकरणं आटोपशीर, कल्याणहून ठाणं येईतो एखादं सहज होतं. सगळं पटतं असं नाही (लग्नाबद्दलचं प्रकरण ऐकताना मी दोनदा ‘हं?’ असं मोठ्यानं म्हटलं आणि डब्यातल्या बायकांनी वळून पाहिलं), पण वाक्य कानात अडकत नाही. रेडिओच्या माणसाला ठाऊक असतं की श्रोत्याला पान मागं उलटता येत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन, त्याची गोष्ट वेगळी. ‘कन्फेशन्स’ सन ४०० च्या आसपासचं, तेरा भागांचं. हे पुस्तक आपल्याशी बोलत नाही, देवाशी बोलतं. आपण दाराआडून ऐकतो. म्हणून ते कानाला फार जवळचं वाटतं. यात एक गमतीची जागा आहे. मिलानचे बिशप अँब्रोज पुस्तक वाचताना डोळे ओळींवरून फिरवतात पण तोंडातून आवाज काढत नाहीत, याचं ऑगस्टीनला मुद्दाम वर्णन करावंसं वाटतं आणि ते असं का करत असतील याचे तर्कही तो लढवतो. त्या काळी मोठ्यानं वाचणं सर्रास चालायचं. तेव्हा ‘ऐकणं म्हणजे काही खरं वाचन नव्हे’ असं कुणी नाक मुरडलं, तर मी हा सहावा भाग पुढं करते.

आणि अकरावा भाग. तिथं काळ म्हणजे काय हे सांगताना तो पाठ असलेल्या स्तोत्राचं उदाहरण घेतो. म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी सगळं स्तोत्र अपेक्षेत असतं. म्हणत जाऊ तसं ते अपेक्षेतून उतरून आठवणीत जमा होतं, आणि आपलं लक्ष मधे उभं राहून एकीकडचं दुसरीकडे पोहोचवत असतं. हे ऐकत असताना माझ्या मोबाइलच्या पडद्यावर खाली ती रेघ सरकत होती, इतकी मिनिटं झाली, इतकी राहिली. त्या दिवशी घाटकोपर ते दादर मी ती रेघच बघत होते.

पण सावध राहा. दहाव्या भागापासून पुस्तकाची जात बदलते, आत्मकथा संपते आणि तत्त्वचिंतन सुरू होतं. पहिले नऊ भाग धक्क्याबुक्क्यांत उभं राहूनही ऐकता येतात. पुढचे बसायला जागा मिळाली तरच.

हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक बॉनहॉफर, त्याची तुरुंगातली पत्रंही ऐकण्याजोगी. एप्रिल १९४३ मध्ये अटक, बर्लिनचा टेगल तुरुंग, ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसनबुर्गला फाशी, वय अवघं ३९. पत्र संपलं की थांबायचं, एका बैठकीत दुसरं लावायचं नाही, एवढाच माझा नियम. यात निवेदकावर सगळं अवलंबून असतं. मी विकत घेतलेल्या पहिल्या आवृत्तीतला गृहस्थ ती पत्रं हवामानाच्या बातम्यांसारखी वाचत होता. तेव्हापासून नमुन्याची पाच मिनिटं ऐकल्याशिवाय पैसे मोजत नाही.

फुकट हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स आहे. २००५ पासून स्वयंसेवक तिथं हक्कमुक्त पुस्तकं वाचून ठेवतात. ऑगस्टीन, थॉमस अ केम्पिस, बनयन असे जुने लोक मिळतात. दोन अडचणी. एक, बऱ्याचदा प्रकरणागणिक आवाज बदलतो, कालपर्यंत अमेरिकन असलेला ऑगस्टीन आज अचानक वेगळ्याच देशाचा होतो. दुसरी, हक्कमुक्त म्हणजे भाषांतरंही जुनी, ‘दाऊ’ आणि ‘हॅथ’नं भरलेली. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, ‘तू म्हटले आहेस’वर वाढलेल्यांना त्याचं फार वाटत नाही, बाकीच्यांनी आठवडाभर कळ काढावी.

आता न ऐकण्याची पुस्तकं. अक्वायनस झालाच. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याचं ‘इन्स्टिट्यूट्स’ हे दुसरं: १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत चार भाग आणि ८० प्रकरणं. तो कुणाचं मत खोडतोय हे नजरेआड झालं की ऐकण्यात काही अर्थ राहत नाही. आणि सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्तविषयक वाद तर मुळीच ऐकू नका, एवढं कळकळीनं सांगते. ३२५ सालच्या नाइसियाच्या धर्मपरिषदेनं पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याशी ‘होमोऊसिओस’ म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. पुढं काही जणांनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, हा शब्द धरला. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा, आयोटाचा, आणि त्यावरून साम्राज्यभर रणं माजली. दीडपट वेगात, कुर्ल्याच्या खडखडाटात, मला तो आयोटा ऐकू आला नाही. वहीत दोन्ही पक्षांच्या नावापुढं एकच शब्द लिहिलेला सापडला. अशा पुस्तकांचा मजकूर ‘क्रिश्चन क्लासिक्स इथिरिअल लायब्ररी’ या संकेतस्थळावर फुकट आहे. तो समोर ठेवून, पेन्सिल हातात घेऊन वाचायचं. ऐकायचंच असेल तर वाचून झाल्यावर, उजळणी म्हणून.

मराठीत शास्त्र शिकलेल्यांची आणखी एक फजिती म्हणजे नावं. इंग्रजी निवेदक ‘बुक ऑफ जोब’ म्हणतो तेव्हा तो आपला ईयोब आहे हे लागलीच उमगत नाही. जेम्स म्हणजे याकोब, आयझाया म्हणजे यशया, एक्लीझिअ‍ॅस्टीस म्हणजे उपदेशक. मी पहिल्या महिन्यात एका पानावर ही जोड्यांची यादी करून पासाच्या पाकिटात ठेवली. तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

संज्ञांची यादी मात्र अर्ध्या तासात होत नाही, आणि खरा अभ्यास तिथंच होतो. ‘जस्टिफिकेशन’ला नीतिमान ठरवलं जाणं म्हटलं की ते न्यायालयातलं काम वाटतं, लूथरच्या अनुयायांनी ते तसंच मांडलं. ‘इन्कार्नेशन’ला आपल्याकडं देहधारण म्हणतात, अवतार सहसा म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, यावर मी एक अख्खा रविवार घालवला: अवतार पुन्हा पुन्हा होऊ शकतो, देहधारण एकदाच. इंग्रजीत ऐकताना हा प्रश्न पडलाच नसता. म्हणून माझी पद्धत अशी की गाडीतून उतरले की पुलावरून चालताना फोनमध्ये मराठीत बोलून ठेवते, ‘आज अमुक म्हणाला की…’, दोन मिनिटं, जास्त नाही. जिथं मराठी अडखळते तिथं मला कळलेलं नसतं. रात्री तेवढाच भाग कागदावर बघायचा.

वेगाचं सांगायचं तर मी आता एकपटच ठेवते. प्रार्थना आणि स्तोत्रं तर त्याहून हळू.

मराठीतून ऐकायला काय आहे, हा प्रश्न हमखास येतो. शास्त्राचं मराठी ध्वनिमुद्रण मोबाइलवर मिळतं. त्यापलीकडं मी शोधलं तेव्हा हाताला फारसं लागलं नाही. हे खटकतं, कारण १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे, म्हणजे मोठ्यानं म्हणण्यासाठीच रचलेलं, आणि ते ख्रिस्ती देवळांतून वाचलंही जाई. चारशे वर्षांपूर्वी जे कानावर पडत होतं ते आज ग्रंथालयाच्या कपाटात.

नगरला माझ्या आत्याला आताशा छापील अक्षर दिसत नाही. तिच्यासाठी मी बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ फोनवर वाचून पाठवायला लागले. १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचं हे १८८८ सालचं आत्मचरित्र. वाक्यं लांबच लांब. श्वास कुठं घ्यायचा हे ठरवायला वाक्याचा कर्ता आधी शोधावा लागतो. एका परिच्छेदासाठी मी चारदा मुद्रण पुसलं, आणि त्या चार खेपांत तो परिच्छेद जेवढा कळला तेवढा नुसता डोळ्यांनी वाचून कळला नव्हता.

पहिलं प्रकरण पाठवलं. दुसऱ्या दिवशी आत्याचा आवाजी निरोप आला: ‘छान वाचलंस गं बाळा. पण एवढी कसली घाई? तुझी लोकल सुटतीय काय?’

तेच प्रकरण परत वाचून पाठवलंय. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.